बाहेर पडल्याची तारीख

१

आमच्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलावर कामगारांची रांग लागते. त्या वर्षी पगाराचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुन्यातली माहिती नव्यात आली ती अर्धीमुर्धी. कोणाचं आधारावरचं नाव वेगळं, कोणाच्या बापाच्या जागी गावाचं नाव, बहुतेकांच्या वारसाची जागा रिकामी. हंगामाआधी सगळ्यांची पीएफची माहिती दुरुस्त करून घ्या, असं मॅनेजर अमरसरांनी सांगितलं.

मी प्रेरणा. मूळची नेरची, नोकरीसाठी पांढरकवड्याला खोली करून राहते. जिनिंग केळापूरच्या पुढं, रस्त्याला लागून आहे. कार्यालय म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत अमरसर, दुसरीत मी. माझ्या खिडकीतून अंगण दिसतं, कापसाचे ढीग दिसतात आणि त्यांच्या पलीकडं, कुंपणाजवळ, रुई दाबून गाठी करायचं जुनं प्रेसहाउस.

एकेका कामगाराला समोर बसवून मी विचारायची: नाव, जन्मतारीख, लग्न, मुलं. शेवटी तो प्रश्न यायचाच, की तुमच्यामागं पैसा कोणाला द्यायचा. त्यावर काही जण हसत, काही जण हातातली टोपी चुरगाळत. पूनमसिंग हसला नाही. जुन्या प्रेसवर रुईच्या गाठी बांधायचं काम त्याच्याकडं होतं. झरी जामणीकडचा, जंगलाला लागून असलेल्या तांड्यावरचा माणूस. हंगामात इथंच कामगारांच्या खोल्यांत राहायचा आणि सुटीला घरी जायचा. बायकोचं नाव त्यानं शीला सांगितलं, मुलीचं खुशी. स्पेलिंग बरोबर पडलं ना, ते दोनदा बघायला लावलं. मग म्हणाला, सुटीच्या आदल्या दिवशी त्याला दुपारपासूनच घर दिसायला लागतं.

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असतील. प्रेसच्या पेटीत अडकलेली रुई मोकळी करायला पूनमसिंग वाकला आणि तोल जाऊन आत पडला. मशीनच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू गेली नाही. दाब खाली आला. गाठीच्या पट्ट्या कापून त्याला बाहेर काढावं लागलं. त्या पट्ट्या आमचा फिटर हरिसिंग यानं कापल्या. मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं ते कधी त्याविषयी बोलत नाहीत.

तपासणीसाठी साहेब लोक आले, जुनं प्रेसहाउस बंद झालं आणि त्याला कुलूप लागलं. काम नव्या प्रेसवर सुरू राहिलं.

२

शीलाला पेन्शन सुरू व्हायची तर एक नोंद आधी करावी लागते. कामगाराच्या पानावर बाहेर पडल्याची तारीख भरायची आणि खाली कारण निवडायचं. कारणांत निवृत्ती असते, राजीनामा असतो, आणि मृत्यू असतो. मी तारीख भरली, मृत्यू निवडला आणि जतन करा दाबलं.

नोंद जतन झाली नाही. लाल अक्षरं आली: या तारखेनंतर हजेरी आढळली आहे.

तारीख चुकली असेल म्हणून पुन्हा भरली. पुन्हा तेच. मी हजेरी उघडून पाहिली. पूनमसिंग रोज कामावर येत होता. सकाळच्या पाळीला आत आल्याची नोंद, जुन्या प्रेसहाउसच्या थंब मशीनवरची. बाहेर गेल्याची मात्र एकही नव्हती. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशीही फक्त आत आल्याचीच होती, आणि ते तर साहजिकच होतं.

भीती अशी वाटली नाही. राग आला. जिनिंगांमध्ये मेणाचे अंगठे बनवून दुसऱ्याची हजेरी लावायचे प्रकार मी ऐकले होते. मेलेल्या माणसाच्या नावानंही कोणी ते करील, याची चीड आली. मी अमरसरांकडं गेले. त्यांनी यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. मशीनमधली जुनीच नोंद नव्या तारखेनं वर चढत असेल, असं तो म्हणाला. अमरसरांना ते पटलं, मलाही पटलं. मी हाताने त्या नोंदी काढून टाकल्या, तारीख भरली, आणि पान जतन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं तर तारीख उडालेली होती. वर आजची हजेरी लागली होती.

३

जुन्या प्रेसहाउसची किल्ली हरिसिंगकडं होती. तो पूनमसिंगच्याच तांड्यावरचा, नात्यानं त्याचा काका लागायचा. मशीन काढून आणू या, असं मी म्हटलं तेव्हा तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग किल्ली घेऊन पुढं झाला.

भरदुपार होती. कुलूप उघडलं तरी दार लगेच सरकेना, दोघांनी मिळून ढकललं. आत उंच पत्रे, वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे, आणि सगळीकडं बसलेली रुईच्या तंतूंची बारीक कूस. जमिनीवर, मशीनवर, वायरींवर, जणू कोणी मऊ पांढरं पांघरूण घातलं होतं. त्यावर पावलं नव्हती. मी ते मुद्दाम पाहिलं, कारण मेणाचा अंगठा लावणाऱ्यालाही पाय असतात.

पावलं नव्हती, पण दारापासून थंब मशीनपर्यंत एक रेघ होती. मुंगीची वाट असावी तशी बारीक, सरळ. मशीनपासून पुढं ती प्रेसच्या पेटीकडं गेली होती. उंदीर शेपटी ओढत जातो तेव्हा अशी रेघ उमटते, असं मी मनाशी म्हटलं. हरिसिंगला विचारलं तर तो म्हणाला, असंल. त्यानं रेघेकडं पाहिलंसुद्धा नाही. रेघेवर पाय पडणार नाही असा, भिंतीला धरून चालत तो मशीनपर्यंत गेला. मीही त्याच्यामागून तशीच गेले. का गेले, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

त्यानं पेचकसानं मशीन उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. बाहेर आल्यावर कुलूप लावता लावता म्हणाला, "मॅडम, हे तुमी हापिसात नेऊ नका. इथंच कुठं पुरून टाकू."

मी विचारलं, काहून?

"तो याले थम लावासाठी येते," हरिसिंग म्हणाला. "हे जिथं जाईल तिथं त्याले या लागल."

४

मशीन मी कार्यालयात आणलं. आपण शिकलेले आहोत, असं वाटतं ना माणसाला. माझ्या खोलीत दाराशेजारी एक खिळा होता, त्याला ते अडकवलं आणि वायर लावली. कॉम्प्युटरवाला येऊन तपासणार होता. तोवर डोळ्यांसमोर असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी मी पाळीच्या आधीच आले. अमरसर यायचे होते. बाहेर कापसाच्या गाड्या लागत होत्या, कोणीतरी रेडिओ लावला होता, कोवळं ऊन माझ्या टेबलावर पडलं होतं. मी खुर्ची मशीनकडं तोंड करून ठेवली आणि बसले. स्वतःचं थोडं हसू येत होतं.

भोंगा झाला. माणसं पाळीवर जाऊ लागली. अंगणातला गलका हळूहळू नव्या प्रेसकडं सरकला आणि माझ्या खोलीच्या आसपास शांत झालं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते हललं नाही, वाऱ्यानंही नाही. पण खोलीत सरकीच्या तेलाचा आणि कच्च्या रुईचा वास आला. तो तर आमच्याकडं सगळीकडंच असतो. तरी या वासात ऊब होती, कामावरून आलेला माणूस जवळून जावा तशी.

टेबलावरच्या उन्हात एक सावली पडली. काठीची पडावी तशी, एक उभी बारीक रेघ. ती टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरकली. मी खिडकीकडं पाहिलं. खिडकीत काही नव्हतं.

मशीनचा दिवा हिरवा झाला. आतली बाई नेहमीच्या गोड आवाजात थँक्यू म्हणाली, आणि पडद्यावर पूनमसिंगचं नाव आलं.

मी जागची हलले नाही. हलता आलं नाही असं नव्हे. नाव आलं की माणूस मशीनसमोरून बाजूला होतो, आणि तो कोणत्या बाजूला झाला ते मला कळत नव्हतं. हलले तर त्याला धक्का लागेल, असं वाटत होतं.

अमरसर आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी लवकर बोलावलं. तो आला, मशीन उघडून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाला आणि गेला. वायर काढून मशीन कपाटात ठेवलं, पण त्याच्या आत बॅटरी होती. दुसऱ्या सकाळी कपाटातून आवाज आला, तेव्हा ते परत खिळ्याला अडकवून ठेवलं.

त्यानंतर सकाळी मी अमरसर आल्याशिवाय खोलीत पाऊल टाकत नसे.

५

शीला आली ती एका दुपारी, खुशीला घेऊन. मुलगी आठ-नऊ वर्षांची, आईचा पदर बोटाला गुंडाळून उभी. पेन्शनचं काय झालं म्हणून शीला विचारायला आली होती. तिकडं तांड्यावर घर चालवायचं, मुलीची शाळा, सगळं पेन्शनवर अडलेलं.

तिला काय सांगणार? मशीनचा घोटाळा आहे, असं मी म्हटलं. पण तिनं खोदून विचारलं, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. हजेरी लागते, एवढं सांगितलं. रोज आत आल्याची लागते, बाहेर गेल्याची लागत नाही, म्हणून तारीख टिकत नाही.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ती खाली फरशीवर बसली. खुशीला तिनं बाहेर हरिसिंगआजोबाकडं पाठवलं. मग म्हणाली, "म्हणजे तो इथंच हाय. सुट्टीच नाही झाली त्याची."

मी म्हटलं, शीलाताई, असं काही नसतं.

"मॅडम, त्याले बारमाही एकच घाई. कवा सुट्टी होते अन् कवा घरी येतो." तिनं मशीनकडं पाहिलं. "कोणी सांगतलंच नसन त्याले. कोण सांगन?"

त्या क्षणी मी तिला थांबवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण माझ्याही मनात तेच होतं. तो या खोलीतून जावा, एवढंच मला हवं होतं. कुठं जावा, हा विचार मी केला नाही, आणि तिनं तर तो केलाच होता.

६

ती संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिली. दिवसपाळीचा भोंगा झाला, लोक हातपाय धुऊन निघाले, तेव्हा ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. मला म्हणाली, मशीन चालू करा. मी चालू केलं. हरिसिंग अंगणात खुशीचा हात धरून उभा होता. तो इकडं पाठ करून होता.

नवऱ्याचं नाव तांड्यावरच्या बाया घेत नाहीत. शीलानं त्याला मुलीच्या नावानं हाक मारली, खुशीचे बा, अशी. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जेवायला बोलवावं तेवढाच. आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, "चालो, घरेन चालो."

वास आला. मी डोळे मिटून घेतले. मशीन बोललं.

डोळे उघडले तेव्हा शीला वळून चालायला लागली होती. दारातून बाहेर पडताना ती थोडी बाजूला झाली, चौकटीत आपल्या अंगाइतकी जागा सोडून. अंगणातून फाटकाकडं जातानाही ती पदर सावरत, किंचित वाकडी चालत होती. खुशी धावत तिच्याजवळ गेली, एका बाजूनं हात धरायला वळली, आणि थबकली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिनं आईचा हात धरला.

मी पान उघडलं. त्या दिवसाच्या हजेरीत पूनमसिंग बाहेर गेल्याची नोंद होती. मी तारीख भरली. जतन झाली. दुसऱ्या सकाळी ती तशीच होती, आणि त्यानंतरही राहिली.

७

पेन्शन मंजूर झाल्याचा कागद आला तोवर हंगाम ओसरला होता. त्यावर शीलाचा अंगठा हवा होता. तिचा फोन लागेना. हरिसिंगला विचारलं, तर तो म्हणाला की तो हल्ली तांड्यावर जात नाही. त्याच्या बायकोनं त्याला येऊ नको म्हणून निरोप दिला होता. का, ते तिनं सांगितलं नव्हतं. एवढं बोलून तो कामाला लागला.

शेवटी सुटीच्या दिवशी मीच गेले. बसनं झरीकडं, तिथून ऑटोनं तांड्याच्या फाट्यापर्यंत, पुढं पायी. दोन्ही बाजूंना कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्या, मागं सागाचं रान. उन्हं तापली होती. तांड्यावरची माणसं ओट्यांवर बसलेली होती, बायका चुलीशी होत्या. शीलाचं घर विचारलं तर एका म्हातारीनं नुसतं बोट दाखवलं आणि पाणी घे म्हणून मला आग्रह केला. त्या घरी पिऊ नको, असं ती म्हणाली नाही. पण दुसरा तांब्याही भरून दिला.

शीलाचं घर शेवटचं होतं. अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकलेली होती, तिच्यावर खुशीचं दप्तर, उशी, पांघरूण. मुलगी तिथं अभ्यास करत होती. मला ओळखून उठली. आई आत हाय, म्हणाली. तू बाहेरच झोपतेस का, असं मी विचारलं. तिनं मान डोलावली.

शीला बाहेर आली. मला तिला ओळखायला क्षणभर वेळ लागला. ती वाळली होती. हातांत बांगड्या परत भरल्या होत्या, आणि केसांत, भुवयांत, पापण्यांवर रुईची कूस बसलेली होती. तांड्यावर त्या दिवसांत कापूस कोणाच्याच घरी नव्हता. तिनं बाहेर येऊन मागं दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या, मला बाजेवर बसवलं आणि कागद पाहिला. अंगठा द्यायला ती तयार नव्हती. "याच्यावर विधवा लिवलं हाय," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, खुशीसाठी तरी दे. तिनं कागद परत माझ्या हातात दिला.

तेवढ्यात घराच्या आतून कडी लागल्याचा आवाज आला. लोखंडी कडी कोंड्यात बसताना होतो तसा. शीला माझ्यासमोर होती, खुशी माझ्या बाजूला. आणखी कोणी त्या घरात राहत नव्हतं.

मी दाराकडं पाहिलं. जुनं दार, दोन फळ्यांचं. फळ्या नीट मिळत नव्हत्या, मध्ये फट राहिली होती, बोट जाणार नाही एवढी. त्या फटीत कोणीतरी उभं होतं.

फटीच्या मागं नव्हे. फटीत.

तेवढ्या जागेत डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस होता. डोळा माझ्याकडं नव्हता. तो खुशीकडं होता.

मी मान खाली घातली. त्यानंतर मी वर पाहिलं नाही, त्यामुळं आणखी काही सांगू शकत नाही.

८

शीलानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. ती काही लपवायला गेली नाही. कागद माझ्या हातातून घेतला, मी दिलेल्या शाईत अंगठा बुडवला आणि उमटवला. मग हळू आवाजात सांगितलं, ते दाराला ऐकू जाऊ नये असं.

तो घरी आला तेव्हा तिला बरं वाटलं. बरेच दिवस बरंच वाटलं. तो जेवत नाही, बोलत नाही, भिंतीला लागून असतो. रात्री तिच्याजवळ असतो. पण हल्ली तो लेकीला जवळ घ्यायला बघतो. माणसानं आपल्या लेकीला जवळ घ्यावं, यात वाईट काय? पण त्याच्याजवळची जागा केवढीशी, मॅडम, असं ती म्हणाली. मुलगी त्यात कशी मावेल? त्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, मावेल.

मी म्हटलं, मग इथून चल. आत्ताच चल, दोघी चला. मी तुम्हाला माझ्या खोलीवर नेते.

शीलानं मान हलवली. "मी हाक मारली त्याले," ती म्हणाली. "मी गेली तर तो मांगं मांगं येईन. मले राहाच लागते. हिनं नाही मारली हाक."

ती उठली आणि गोठ्यात गेली. तिथं गवतात एक कापडी पिशवी ठेवलेली होती. खुशीचे दोन फ्रॉक, गणवेश, कंगवा, आधार कार्ड, घड्या घालून बांधलेलं सगळं. पिशवीवर धूळ बसली होती. तिनं ती पदरानं झटकली आणि माझ्या हातात दिली. किती दिवस ती माझी, नाहीतर कोणाचीही, वाट बघत होती, ते मी विचारलं नाही.

खुशीला तिनं जवळ घेतलं नाही. दुरूनच सांगितलं, मॅडमसंगं जा, त्यांचं ऐक, शाळा सोडू नको. मुलगी रडली नाही. तिनं बाजेवरचं दप्तर उचललं, चपला घातल्या आणि माझ्या पुढं चालायला लागली.

तांड्यातून जाताना ओट्यांवरच्या माणसांनी आम्हाला पाहिलं. ती पाणी देणारी म्हातारी उठून उभी राहिली आणि आम्ही वळणापलीकडं जाईपर्यंत तशीच उभी होती. फाट्यावर बस यायला वेळ होता. खुशी माझ्या शेजारी दगडावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, माझ्या खोलीचं दार कसं आहे.

एकाच फळीचं आहे, मी सांगितलं. लोखंडी आहे, घट्ट बसतं.

तिनं मान डोलावली, आणि बस येईपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.